भिंतीलगतची अर्धा इंच फट

हॉलच्या दोन टोकांना ५० मिलिमीटरचे लाकडी ठोकळे ठेवले आणि त्यावरून दोरी ताणली. मधोमध दोरीखाली ५० मिलिमीटरच जागा दिसायला हवी. पट्टी धरली तर भरली २८. म्हणजे मी बसवलेला नाचाचा लाकडी फ्लोअर मधे २२ मिलिमीटर वर आला होता. टाच आपटली की भिंतीजवळ ‘ठक’ आणि मधे ‘ढब’. ढब आवाज आला म्हणजे खालचे रबरी गुटके जमीन सोडून अधांतरी लोंबतायत.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात भाताचा जुना गोदाम आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, खाली कोबा. तिथे गावाने मिळून समकालीन नृत्याची शाळा चालवली आहे. संध्याकाळी वर्ग आणि वर्षातून चार-पाच वेळा त्याच जागेत, बाकडी लावून, प्रयोग. नवरात्रातला प्रयोग तीन दिवसांवर होता आणि बाहेर हत्तीचा पाऊस गडगडाटासह कोसळत होता.

शिकवणाऱ्या ताईंचा पहिला प्रश्न सरळ होता, “दादा, सगळं उचलून कोब्यावरच केलं तर? जाखडीवाले अंगणात नाचतातच की.”

जाखडी हा कोकणातला लोकनाच. अंगणात नाचतात खरं, पण सारवलेलं अंगण थोडं दबतं, कोबा दबत नाही. शिवाय जाखडीत चाळ बांधलेले पाय जमिनीला लागतात, अंग नाही. समकालीन नृत्यात खांदा, कुल्ला, गुडघा, पाठ, सगळंच जमिनीवर येतं. ही सवय शंभर वर्षांची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन नर्तकी इझाडोरा डंकन अनवाणी नाचली. १९२६ साली मार्था ग्रॅहमने न्यू यॉर्कात आपली नृत्यमंडळी उभी केली आणि जमिनीवर बसून, लोळून करायच्या हालचालींना वर्गात पहिला मान दिला. त्याच काळातल्या डोरिस हम्फ्रीचं तर सगळं तंत्रच पडणं आणि सावरणं यावर उभं आहे. पडायचं ठरवूनच जो नाच बसवला, त्याला पडायला जागा नको? उडीवरून उतरताना अंगाच्या वजनाच्या तीन-चार पट भार पायांवर येतो. कोबा त्यातलं काहीच घेत नाही, सगळं नडगीला परत करतो. महिनाभराने पोरं नडगी चोळत बसतात, आणि घरचे म्हणतात नाच झेपत नाही.

त्यात यंदाचा प्रयोग कळसूत्री बाहुल्यांवर बेतलेला. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची बाहुली कशी, दोरी ढिली सोडली की अख्खी एकदम खाली येते, तसं पोरांनी पडायचं. या कल्पनेला आपल्याकडे जुनं नातं आहे. नर्तक उदय शंकर यांनी १९३८ साली अल्मोड्याला नृत्याचं केंद्र काढलं. तिथे घडलेल्या शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप उभारला आणि ‘रामायण’ बसवताना नर्तकांना बाहुल्यांसारखं हलवलं. ताईंच्या प्रयोगात बारा पोरं एकाच वेळी कोसळणार होती, नेमकी फुगवट्यावर.

फ्लोअर एप्रिलमध्ये मीच बसवला होता, त्यामुळे आत काय आहे ते पाठ होतं. हॉल ३० फूट बाय २०. कोब्यावर २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोडाला फूटभर एकमेकांवर चढवलेला. त्यावर १२ मिलिमीटर जाडीचे रबरी गुटके, फुटा-फुटावर, साडेसहाशेच्या आसपास. गुटक्यांवर दोन बाय एक इंचाच्या पट्ट्या. त्यावर १२ मिलिमीटर मरीन प्लायचे दोन थर. विटांचे जोड जसे एकावर एक येऊ देत नाहीत, तसे दोन थरांचे जोड एकमेकांपासून सरकवलेले. वरच्या थराला २० मिलिमीटरचे स्क्रू. तेवढेच पुरतात, आणि खालच्या पट्टीत शिरत नाहीत. स्क्रू स्टेनलेस. खाऱ्या हवेत साधा स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतो आणि त्याचं डोकं अनवाणी पायाला लागतं. सगळ्यात वर व्हिनाइल. नाचवाले त्याला मार्ली म्हणतात. मार्ली ही विलायतेतली कंपनी, तिचा तो माल कधीच बंद झाला, पण नाव झेरॉक्ससारखं चिकटून राहिलं.

व्हिनाइलच्या जोडांवरची टेप काढून पट्टे गुंडाळायला घेतले, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

पहिली वरच्या बाजूला. काळ्या व्हिनाइलवर तळहाताएवढे तेलकट गोल डाग होते, बारा, तीन ओळींत. पोरं पडताना डोकं जिथे टेकतं तिथे केसांतलं खोबरेल उतरलेलं. नाच न बघताही डागांवरून रांगा मोजता आल्या. सातव्या-आठव्या डागामधलं अंतर जास्त होतं. ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, तिथला मुलगा उंच आहे. हे डाग दिसायला गमतीचे, पण त्यांच्यावर पाय पडला तर घसरलाच. फिनेलने ते जात नाहीत, उलट वर तुळतुळीत थर चढतो. कोमट पाण्यात सौम्य साबण, घट्ट पिळलेलं फडकं, मग साध्या पाण्याचं फडकं. घसरू नये म्हणून राळेची पूड टाकतात, ती व्हिनाइलवर कधीच टाकायची नाही.

दुसरी गोष्ट खालच्या बाजूला. व्हिनाइल उचललं आणि बंद पेटीतल्या जुन्या चादरीसारखा वास आला. प्लायवर पांढरट बुरशीची नक्षी. ओल मोजायचा मीटर टोचला, कडेला १८ टक्के, मधे २१. हवेत ८५ टक्के दमटपणा असला की लाकूड १७-१८ टक्क्यांवर जाऊन थांबतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तसंच असतं, त्यात नवल नाही. पण वीसच्या वर गेलं म्हणजे पाणी हवेतून नाही, दुसरीकडून आलंय, आणि वीसच्या वर बुरशीला पोसायला सुरुवात होते.

पाणी आलं होतं बादलीतून. साफसफाई करणारे आबा रोज संध्याकाळी कोब्यासारखंच भरपूर पाण्याने पुसत होते. पाणी जोडांतून खाली उतरायचं. व्हिनाइलमधून हवा जात नाही, त्यामुळे ते पुन्हा वर यायला वाट नाही. एरवी प्रयोग करणाऱ्या मंडळींकडे व्हिनाइल प्रयोगापुरतं अंथरतात आणि रात्री गुंडाळतात. इथे उलटं, रोजचा वर्गच मुख्य, म्हणून एप्रिलपासून व्हिनाइल कुणी उचललंच नव्हतं.

तरी नुसत्या ओलीने २२ मिलिमीटर वर येत नाही. आठ फुटी शीट ओलीने लांबीत जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. तीस फुटांत पावणेचार शीट, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर. त्यासाठीच भिंतीपाशी चारी बाजूंनी अर्धा इंच फट सोडलेली असते. मी ती शोधायला गेलो आणि सापडेना. भिंतीच्या तळाशी लावलेली स्कर्टिंगची पट्टी उपटली, आत पांढरंशुभ्र. मे महिन्यात भिंती रंगवल्या, तेव्हा “फट वाईट दिसते” म्हणून रंगाऱ्याने ती पुट्टीने भरून, वर घासून गुळगुळीत केली होती. काम मात्र सुबक! स्कर्टिंगमधली हवेची भोकंही बुजवलेली. वाढलेल्या प्लायला दोन्हीकडे भिंत लागली, मग तो जाणार कुठे? वर. सहा मिलिमीटर जास्तीची लांबी दाबात सापडली की कमान करते, आणि कमानीची उंची त्या सहाच्या कितीतरी पट होते. माझीही चूक होतीच. एप्रिलच्या कोरड्या प्लायला मी जोडात एक मिलिमीटर जागा ठेवली होती, तीन ठेवायला हवी होती.

तीन दिवसांत फ्लोअर सुकवणं शक्य नव्हतं. बाहेर ऊन नाही, आणि हिटर लावला तर वरचा थर आधी आकसून जोड उघडतात. म्हणून दाब काढायचा, ओल आहे तशी राहू द्यायची, असं ठरवलं. फुगवट्यावरचे स्क्रू काढले, पण आधी मधले, मग कडेकडे सरकत. उलटं केलं तर अडकलेली शीट उसळते. भिंतीलगतची पुट्टी छिन्नीने फोडली, तीन घमेली निघाली. ज्या बाजूला प्लाय भिंतीला टेकला होता तिथे पातं २४ मिलिमीटर खोल लावून गोल करवतीने अर्ध्या इंचाची पट्टी कापून काढली. शेवटचे दोन फूट उरले असताना फ्लोअरने करकरून आवाज केला आणि बसला. दोरी पुन्हा लावली, ४६. उरलेले चार मिलिमीटर जोडांच्या कडांवर रंधा मारून आणि रात्रभर सिमेंटची पोती ठेवून दोनवर आणले. तीन शीटचे पापुद्रे सुटले होते, त्या बदलल्या. पट्ट्यांखालचे अकरा गुटके ओलीने सुटून सरकले होते, ते पुन्हा चिकटवले. दोन ठिकाणी हात पोचेना, तिथे फ्लोअर टणकच राहिला. ताईंनी खडूने त्या जागेवर फुल्या मारून घेतल्या आणि पडण्याची मधली ओळ चार फूट मागे नेली.

प्रयोगाच्या दिवशी व्हिनाइल दुपारी अंथरलं, तोवर चोवीस तास ते पडवीत मोकळं पसरून ठेवलं होतं. दोन पट्ट्यांत दीड मिलिमीटर अंतर, जोडावर टेप, कडा मोकळ्या. पोरांना सकाळी शिकेकाईने न्हायला सांगितलं आणि तेल लावू नका म्हणून बजावलं. रात्री प्रेक्षक गेल्यावर पट्टे सहा इंची पाइपावर गुंडाळले आणि पंखे चालू ठेवले.

नवं स्कर्टिंग फक्त भिंतीला स्क्रूने बसवलंय, फ्लोअरपासून सहा मिलिमीटर वर, दर दोन फुटांवर हवेचं भोक. बादली आबांनी स्वतःच बाहेरच्या न्हाणीत नेऊन ठेवली. आणि दाराजवळच्या पट्टीवर त्यांनीच ऑइलपेंटने लिहिलंय, “येथे पुट्टी भरू नये.”