थायरॉईडची गोळी आणि माझी हाडं

पावसाळ्यात बांधावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. पडणं अगदी साधं होतं, म्हणूनच बेळगावच्या हाडाच्या डॉक्टरांना शंका आली. पाय जड वाटणं, मांड्या भरून येणं, थंडी न सोसणं हे आधीपासून होतंच. खानापुरात सगळ्यांनी ते वयावर ढकललं होतं. थायरॉईड म्हणजे बायकांचं दुखणं, अशी आमच्याकडे समजूत. बायकांत ते जास्त आढळतं हे खरं, पण माझा टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारा संप्रेरकाचा आकडा, ३८ निघाला. तो साधारण चारच्या आत असावा लागतो.

मग डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे १.८ आला. म्हणजे हाडं विरळ झालेली, पण उणे २.५ च्या ठिसूळपणापर्यंत गेलेली नाहीत. मी लगेच थायरॉईडला दोष दिला, तर डॉक्टर म्हणाले, "सगळं खापर त्याच्यावर फोडू नका." हाड सारखं झिजतं आणि पुन्हा भरतं. थायरॉईड कमी पडलं की दोन्ही कामं मंदावतात. सहा-सात महिन्यांचं चक्र दोन वर्षांपर्यंत लांबू शकतं. त्यामुळे जुनं हाड बदलायचं राहतं, आणि घनता बरी दिसूनही मजबुती कमी असू शकते. त्यांनी ड जीवनसत्त्व आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही तपासलं. ड बरंच कमी होतं. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसात! मला हे अजून पटत नाही.

गोळी सुरू झाली. अंगात तरतरी आल्यावर शेजारचे काका म्हणाले, "डोस वाढवून घे की, आणखी जोर येईल." डॉक्टरांनी ते साफ उडवून लावलं. गोळी जास्त झाली की टीएसएच फार खाली जातो आणि हाडांची झीज भरण्यापेक्षा वेगानं होते. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायचं, मगच पुढचं ठरवायचं. माझ्या मते हाडांच्या दृष्टीनं हेच सगळ्यात महत्त्वाचं.

खरा त्रास वेळेचा. पहाटेचा चहा सुटत नाही आणि गोळी तर उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. "अहो, गोळी झाली का?" विचारल्याशिवाय ही आधण ठेवत नाही. कॅल्शियम चार तास लांब ठेवायचं, म्हणून ते रात्री जेवणानंतर.

डेक्सा पुन्हा करायची आहे, पण घाई नाही. हाडं सावकाश बदलतात. फक्त ती त्याच मशीनवर करायला सांगितलंय, नाहीतर आकडे ताडून बघता येत नाहीत. जुना रिपोर्ट फाईलला लावून ठेवलाय.