परातीत 'पर' आहे का? : कॉर्पसची सातवी नोंद

मराठी मजकुराचा एक संग्रह, म्हणजे कॉर्पस, मी जमवतेय. मागच्या नोंदीत सांगितलं होतं की त्यातल्या शब्दांचे प्रत्यय सोडवणारा प्रोग्रॅम चालू झालाय. घरात, घराला, घरातल्यांनासुद्धा हे सगळं एका 'घर'खाली गोळा करायचं, म्हणजे कुठला शब्द आपल्या डोळ्यांखालून किती वेळा जातो ते मोजता येईल. नेहमीचा शब्द मेंदू चटकन ओळखतो, क्वचित भेटणाऱ्याला वेळ घेतो. त्यामुळे सगळा डोलारा या मोजणीवर उभा आहे. प्रोग्रॅम चालला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने परात कापली. पर अधिक आत. मग वरात: वर अधिक आत. जनावराचं 'जनांच्या वर' झालं.

अपवादांची यादी करायला बसले आणि मध्येच हात थांबला. कॅथलीन रॅसल, मॅथ्यू डेव्हिस आणि बोरिस न्यू यांचा शब्द ओळखण्यावरचा 2004 चा प्रयोग आठवला. 'कॉर्नर' हा शब्द 42 मिलिसेकंद दाखवतात, म्हणजे काय दिसलं हे सांगताही येत नाही इतका कमी वेळ. तरी पाठोपाठ आलेला 'कॉर्न' लोक लवकर ओळखतात. कोपऱ्याचा मक्याशी काडीचा संबंध नाही. 'ब्रॉथेल' (वेश्यागृह) नंतर 'ब्रॉथ'ला (रस्सा) मात्र हा फायदा मिळत नाही, कारण इंग्रजीत 'एर' हा प्रत्यय आहे आणि 'एल' नाही. म्हणजे अर्थाकडे न बघता, प्रत्ययासारखं दिसलं की मेंदू ते आधी सोडवून पाहतो. माझा प्रोग्रॅम तेच तर करत होता! मग परात खोडायची कशाला? मी यादी ठेवली, फक्त तिचं नाव 'चुका' होतं ते बदलून 'शब्द' केलं.

या यादीतला माझा सगळ्यात लाडका शब्द 'कलेवर'. आईला दोन वाक्यं वाचायला दिली. 'कलेवर त्याचं मनापासून प्रेम होतं' हे सरळ वाचून झालं. 'कलेवर नदीकाठी पडलं होतं' इथे ती 'नदीकाठी'पर्यंत गेली, थांबली, मागे आली आणि 'अगं, प्रेत होय!' म्हणाली. कॉर्पसमध्ये कलेवर शोधला तर बहुतेक सगळे 'कला' या शब्दाचे निघाले. आईचा मेंदू त्याच पैजेवर पुढे गेला होता.

आता दोन आठवडे खाल्लेली गोष्ट. 'दर्या' या शब्दाचा आकडा भलताच फुगलेला दिसला. संग्रहात किल्ल्यांवरचं आणि डोंगरभटकंतीचं लिखाण भरपूर आहे, त्यात एवढा समुद्र कुठून आला? उघडून पाहिलं तर सगळ्या दऱ्या होत्या. मराठीतला हा अर्धा र दोन तऱ्हांनी साठवलेला असतो: कुठे खाली टिंब असलेला ऱ, कुठे साधा र, हलन्त (पाय मोडल्याची खूण) आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मी मजकूर साफ करताना अदृश्य चिन्हं सरसकट काढली होती, त्यामुळे दुसऱ्या तऱ्हेच्या दऱ्यांचा दर्या झाला आणि आचाऱ्यांचे आचार्य. मराठीवर काम करणाऱ्यांनो, साफसफाईच्या आधी सगळे अर्धे र एका रूपात आणा. नंतर ते परत मिळत नाहीत.

हे करताना येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातला संस्कृत कोश सारखा डोक्यात होता. सु. मं. कत्रे यांनी 1948 मध्ये काम सुरू केलं. सुमारे 1500 ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या निघाल्या. संधी झालेल्या ओळीतून शब्द कुठे तोडायचा हे दर चिठ्ठीला कुणीतरी डोळ्यांनी ठरवलंय. मी एका रात्रीत लाखो शब्द तोडते, त्यांतला एकही वाचलेला नसतो.

आकडे कुठल्या मजकुरातून घ्यायचे, हाही प्रश्न आहेच. इंग्रजीत बरीच वर्षं कुचेरा आणि फ्रान्सिस यांची 1967 ची यादी वापरत, 10 लाख छापील शब्दांची. 2009 मध्ये ब्रिसबार्ट आणि न्यू यांनी चित्रपटांच्या उपशीर्षकांतले 5 कोटी 10 लाख शब्द मोजले, आणि शब्द ओळखायला लागणारा वेळ त्या आकड्यांशी जास्त जुळला. आपल्याकडेही छापलेल्या मजकुरात परात फार थोडी सापडते. घराघरात कणीक रोज तिच्यातच भिजते. म्हणून जुनी नाटकं आणि बालकथा मी वेगळ्या मोजतेय.

प्रयोगाची मांडणी आता अशी आहे. 'मनावर' दाखवून 'मन', 'जनावर' दाखवून 'जन', आणि 'नारळ' दाखवून 'नार'. 'ळ' हा विभक्तीचा प्रत्यय नाही, म्हणून नारळ, सापळा हे ब्रॉथेलच्या जागी. इंग्रजीत आधीचा शब्द स्मॉल अक्षरांत आणि नंतरचा कॅपिटल अक्षरांत देतात, म्हणजे नुसत्या आकाराच्या सारखेपणाचा फायदा मिळत नाही. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून मी अक्षरं लहान-मोठी करते. क्षणभर दाखवायचा शब्द झाकायला सुरुवातीला चौकटीची चिन्हं (###) वापरली होती, पण त्यांना शिरोरेषा नसल्याने शब्द लगेच उठून दिसायचा. आता 'क्षक्षक्ष' लावते. माझ्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला 60 वेळा बदलतो, त्यामुळे 42 जमत नाहीत. तीन बदलांचे 50 मिलिसेकंद घेतलेत.

सोसायटीतले आणि नात्यातले मिळून 9 जण बसले. 'मनावर'नंतर 'मन' लवकर ओळखला जातोय हे जवळजवळ सगळ्यांत दिसतं. 'जनावर'चं कुणात दिसतं, कुणात नाही. एवढ्या माणसांवर आणि एवढ्या शब्दांवर मी काही म्हणणार नाही.

शब्दच कमी पडताहेत. परात, वरात, जनावर, कलेवर. पाचवा, 'खैरात', काल आईने पोळ्या लाटताना दिला: खैराच्या झाडात. 'गुजरात' घेतला होता, पण त्यात गुजर खरोखरच आहे, म्हणून काढला. 'ला', 'ने', 'चा', 'शी' यांचे अजून एकही चोख मिळाले नाहीत. अट एवढीच की उरलेला तुकडा खऱ्या शब्दाचं सामान्यरूप असावा आणि अर्थाने त्याचं मूळ शब्दाशी काही नातं नसावं. कुणाला सुचला तर कळवा. रविवारी पुढची पाच माणसं बसणार आहेत.