भट्टीपर्यंत पोचण्याआधी

जुलैतल्या त्या सकाळी रोलिंग मशीनवर ग्राफाइटचा पत्रा सारखा तुटायला लागला. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात हा लवचिक पत्रा बनतो. पूर्वी वाफेच्या लाइनींच्या फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपांच्या जोडांत, आणि व्हॉल्व्हमध्ये गळती थांबवायला ॲस्बेस्टॉसचं गास्केट असायचं, तिथे आता याचं बसतं. यात डिंक नाही, रेझिन नाही. भट्टीत फुललेले कण नुसत्या दाबाने एकमेकांत अडकतात आणि पत्रा धरून ठेवतात. कण नीट फुलले नसतील तर अडकायला काही उरतच नाही.

मी इथे क्वालिटी कंट्रोल बघते. प्रॉडक्शनवाल्यांनी अर्थातच भट्टीकडे बोट दाखवलं. पावसात व्होल्टेज पडतं, भट्टी थंड झाली असेल, असा सूर होता. पण पायरोमीटर ९५० अंश दाखवत होता आणि आदल्या रात्रीच्या नोंदीही सरळ होत्या.

थोडं रसायन सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ग्राफाइटमध्ये कार्बनचे थर एकमेकांपासून ०.३३५ नॅनोमीटरवर असतात. तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि सोबत ऑक्सिडीकारक दिला, की आम्ल थरांच्या मधे शिरतं आणि ते अंतर ०.८ नॅनोमीटरच्या आसपास जातं. १८४०च्या सुमारास शाफहॉयट्ल या जर्मन रसायनतज्ज्ञाने हे पहिल्यांदा नोंदवलं. पुढे माल धुतला आणि ड्रायरमध्ये वाळवला तरी थोडं आम्ल थरांत अडकून राहतं, आणि आमचा सगळा धंदा त्या अडकलेल्या आम्लावर चालतो. चकती, म्हणजे या मालाचा चपटा कण, ९५० अंशांत अचानक गेली, की त्याचा क्षणात वायू होतो, बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि थर फाकतात. एक ग्रॅम माल अडीचशे मिलिलिटरपर्यंत फुलतो. तोच माल हळूहळू तापवला, तर वायू कडांनी निसटून जातो आणि चकती जवळपास तशीच राहते. या कामात तापमानाइतकीच महत्त्वाची आहे तापण्याची गती, आणि हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते.

भट्टीवर वाद घालण्यापेक्षा मी मफल फर्नेस, म्हणजे लॅबमधली छोटी भट्टी, ९५० वर लावली. चालू लॉटचा एक ग्रॅम आणि मागच्या लॉटच्या राखून ठेवलेल्या नमुन्याचा एक ग्रॅम, दोन्ही एकाच भट्टीत फुलवून मोजपात्रात ओतले. जुना अडीचशेच्या वर गेला. नवा दीडशेलाही पोचला नाही. भट्टी निर्दोष होती. माल तिथे येण्याआधीच काहीतरी गमावून बसला होता.

टीजीएने, म्हणजे माल तापवत त्याचं घटतं वजन मोजणाऱ्या यंत्राने, तेच सांगितलं. दर मिनिटाला दहा अंश वाढवत नेलं, तर चांगल्या मालाचं वजन दोनशे अंशांच्या पुढे भराभर उतरतं. या मालात ती उतरण खूपच कमी होती. वायू होणारं आम्ल आधीच निघून गेलं होतं. पण गेलं कुठे?

उत्तर भट्टीवरच्या काकांकडे होतं. ते म्हणाले, "मॅडम, सकाळी ड्रायरचं दार उघडलं तेव्हा घशात खवखवलं. तिथे कधी वास येत नाही. मंद आचेवर लाह्या फुटत नाहीत, ना? हा माल तिथेच वाया गेला बघा."

मी आधी ड्रायर बंद करायला लावला आणि त्या भागातल्या मुलांना बाहेर काढलं. तो वास सल्फर डायऑक्साइडचा होता. भट्टीचा धूर स्क्रबरमधून, म्हणजे धूर धुऊन काढणाऱ्या यंत्रातून, जातो, ड्रायरचा नाही, कारण ८० अंशांवर फक्त पाणी उडणं अपेक्षित असतं. मालापेक्षा माणसांच्या फुप्फुसांची काळजी आधी.

दार गार झाल्यावर मेंटेनन्सच्या मुलाने आत हात घातला. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, आम्लाच्या वाफांनी गंजलेल्या क्लॅम्पमधून निसटून जवळजवळ दाराच्या फटीत आला होता आणि तिथली गार हवा मोजत होता. कंट्रोलर ८० गाठायला हीटर चालूच ठेवत होता. ड्रायर बंद करतानाच हातातल्या प्रोबने वरच्या ट्रेजवळ १९० अंश भरले होते. वरच्या ट्रेमधल्या चकत्या कडांनी उकललेल्या, हलक्या झालेल्या दिसत होत्या.

दुपारी मालकांच्या केबिनमध्ये वेगळीच चर्चा. थोडा चांगला माल मिसळून पत्रा निघेल का? पत्रा निघालाही असता. पण तो कुणाच्या तरी बॉयलरजवळ, वाफेच्या दाबाखाली बसणार होता, आणि तिथे काम करणाऱ्या माणसाला त्यात काय मिसळलंय ते कधीच कळलं नसतं. मी सही करणार नाही, असं सरळ सांगितलं. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी लॉट बाजूला काढायला सांगितला. त्या नुकसानीची त्यांना किती झळ बसली हे मला ठाऊक आहे, म्हणून त्या निर्णयाचा मला फार आदर वाटतो.

आता ड्रायरला दोन थर्मोकपल आहेत. दुसऱ्याचा पहिल्याशी काही संबंध नाही. तापमान शंभरच्या वर गेलं की तो हीटर बंद करतो. क्लॅम्प बदलले आणि ड्रायरची हवासुद्धा स्क्रबरला जोडली. प्रत्येक ट्रेमधला एक ग्रॅम मफलमध्ये फुलवून मोजल्याशिवाय लॉट भट्टीकडे जात नाही, आणि त्या रजिस्टरमध्ये माझ्या सहीच्या आधी काकांची सही असते.