आमची वाटचाल : ब्लॉकच्या खालची माती

घरात धंदा यंत्रमागाचा, टॉवेलचं काम. मंदी आली तसे वडिलांनी माग विकले आणि त्या पैशात मी जुना ट्रॅक्टर-ट्रॉली घेतला, कारण मामांची खडी-मुरमाची लाइन होती. दोन वर्षं लोकांच्या साइटवर मुरूम टाकत फिरलो, मग डोक्यात आलं की आपणच पेव्हर ब्लॉक का बसवू नयेत. बघायला सोपं काम आहे ओ, मुरूम पसरा, वर क्रश सँड, ब्लॉक लावा, फोटो काढा, बिल द्या.

पहिलं मोठं काम मिळालं आमच्या सोलापुरात, होटगी रोडच्या बाजूला, एका मंगल कार्यालयाचं पार्किंग. मे महिना, पारा ४३ च्या पुढं, आणि जमिनीला अशा भेगा की आत हात जाईल, आणि मी येडा त्या भेगा बघून खुश, की वा, जमीन काय कडक आहे. वरचं गवत खरवडलं, चार इंच मुरूम टाकला, रोलर फिरवला, ब्लॉक लावून मोकळा झालो. लग्नसराईत गाड्या लागल्या, सगळे छान म्हणाले.

आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरला. तेव्हा मालकांचा फोन, "अहो, या की जरा, तुमचं पार्किंग भाकरीसारखं फुगलंय." जाऊन बघतो तर मधी फुगवटा, जिथं गाड्यांची चाकं तिथं चर, कडेचे ब्लॉक सुटलेले. कुणी म्हणालं ६० एमएम जाडीचे ब्लॉक कशाला लावले, ८० चे लावायला पाहिजे होते. अहो, ८० चे लावले असते तर ८० चे फुगले असते! दोष ब्लॉकचा नव्हताच, खाली काळी माती. पाणी पिली की फुगणार, वाळली की आकसणार, आणि त्या भेगा म्हणजे तिनं आधीच दिलेली नोटीस होती, मला वाचता आली नाही एवढंच. ते काम पदरचे पैसे घालून परत केलं, त्यात ट्रॅक्टर गेला.

तेव्हापासून नियम केला, आधी खड्डा, मग कोटेशन. जेसीबीनं दोन-तीन ठिकाणी चार फूट खणायचं आणि काळी माती किती खोल आहे ते बघायचं, कुठं दोन फुटांवर मुरूम लागतो, कुठं चार फुटांवरही लागत नाही. ओळखीच्या एका इंजिनिअर साहेबांनी एक टेस्ट शिकवली ती आजपण मी घरीच करतो. माती वाळवून बारीक चाळायची, दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग, १०० मिलीच्या दोन काचेच्या नळ्या, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. २४ तास हात लावायचा नाही. रॉकेलमधली माती आहे तशी बसते, पाण्यातली फुगून वर येते. मग नळीवर माती किती मिलीपर्यंत आहे ते बघायचं, दोन्हींतला फरक रॉकेलच्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५० टक्क्यांच्या वर गेला, की ती माती पार्किंगखाली ठेवायची नाही. रॉकेल आता मिळत नाही सहजी, एक कॅन जपून ठेवलाय, त्यावरून घरात बोलणी खातो.

भरायचं काम तर त्याहून किचकट. दोन फूट काळी काढली म्हणून दोन फूट मुरूम एकदम ओतला तर वरचा दबतो आणि खालचा तसाच पोकळ राहतो. आठ इंचाचा थर, पाणी, रोलर, तो सहा इंचांवर बसला की पुढचा थर. पाणी किती, ते आमचे रोलरवाले मामा मुठीत सांगतात, ओला मुरूम दाबून लाडू वळायचा, लाडू झाला आणि खाली टाकल्यावर दोन-तीन तुकडे झाले तर बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, हाताला चिखल लागला तर रोलर बाजूला लावा आणि चहा प्या. मामांचं शिक्षण चौथी, पण मोठ्या कामाला लॅबवाले येऊन टेस्ट करतात तेव्हा मामांचा थर पास होतो.

माती आणि मुरमाच्या मधी आम्ही जिओटेक्स्टाईल, म्हणजे जमिनीत घालायचं खास कापड घालतो, त्यानं खालचा चिखल वर मुरमात चढत नाही. पहिल्यांदा सांगितलं तर एक शेठ म्हणाले, "कापड कशाला बाहेरनं आणता, सोलापुरात चादरी कमी आहेत का?" हसायचं आणि बिलात लावायचं.

चालू दुकानांचं पार्किंग म्हणजे वेगळीच डोकेदुखी. विजापूर रोडला एका कॉम्प्लेक्सचं जुनं डांबरी पार्किंग होतं, त्यावर नवीन थर द्यायचा होता. दुकानदार म्हणाले एक दिवस पण बंद नाही, मग अर्धं-अर्धं केलं. आठ दिवस आधी बोर्ड लावला, प्रत्येक दुकानात जाऊन सांगितलं, आणि कामाच्या दिवशी पहाटे बरोबर मधोमध हँडल लॉक केलेली एक ॲक्टिव्हा! चार पोरांनी उचलून बाजूला ठेवली, मालक दुपारी आले आणि वर आम्हालाच, "माझी गाडी कुणी हलवली?" त्या जागेवर बाइकचं ऑइल सांडून डांबर मऊ झालेलं, स्क्रू ड्रायव्हर टोचला तर सरळ आत. असे डाग नुसते धुवून भागत नाही, तेवढा चौकोन कापून काढायचा, भरायचा, मगच टॅक कोट, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून मारायचा पातळ डांबराचा हात. चेंबरची झाकणं पण आधीच वर घ्यायची, नाहीतर नव्या डांबरात झाकण खड्ड्यात जातं आणि रोज टायर आपटतात. उतार साधारण साठ फुटाला एक फूट, तो लेव्हल ट्यूबनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं बघून घेतो, तरी शेवटी बादलीभर पाणी ओततो, कारण पाणी जातं का थांबतं ते डोळ्याला दिसलं की वाद राहत नाही.

या खणण्यापायी कामं गेलीत. दुसरा म्हणतो चार दिवसांत करून देतो, आम्ही वीस म्हणतो, आणि वीसपैकी ब्लॉक लावायचे जेमतेम पाच. मागच्या वर्षी असंच एक गेलं, दिवाळीनंतर तेच साहेब परत आले. मी काही बोललो नाही, फक्त विचारलं, "खड्डा कधी मारू?"

परवा चिंचोळी एमआयडीसीत एका गोडाऊनच्या पार्किंगला चार फूट खणलं, खालपर्यंत काळीच. नळ्या खिडकीत ठेवल्यात. पाण्यातली आत्ताच बरीच वर आलीय, उद्या सकाळी आकडा बघतो आणि मग रेट कळवतो.