ईस्टरची पहाट आणि आमचा तरुण संघ

आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीत तरुण संघाचे वर्षाचे कार्यक्रम ठरलेले असत. डिसेंबरात घरोघर कॅरोल, कापणीच्या सणाला भोपळ्यांचा नि कोंबड्यांचा लिलाव, मे महिन्यात लहान मुलांची बायबल शाळा. पण आम्ही खरी वाट पाहायचो ती ख्रिस्त मरणातून उठला त्या ईस्टरच्या पहाटेची, आणि तो कार्यक्रम तर चक्क कबरस्तानात!

तयारी आदल्या दिवशी, शनिवारी. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर दुपारी तीन तास वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरची प्रवचनं ऐकून अंग आंबलेलं असायचं, त्यामुळे खुरपी आणि चुन्याच्या बादल्या हातात आल्या की बरंच वाटे. गाजरगवत उपटून हाताला खाज सुटायची. ज्याच्या त्याच्या घरची कबर ज्याची तो रंगवी, उरलेल्या तरुण संघाच्या वाट्याला. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं ते 1831 साली, त्यामुळे अशा उरलेल्या कबरी पुष्कळ. सातासमुद्रापलीकडून आलेल्या मिशनरी आयांनी इथल्या मातीत ठेवलेली तान्ही बाळं त्यांत होती. कुणी सांगितलेलं नसतानाही मुली आधी त्याच कबरी पांढऱ्या करायला घेत.

रविवारच्या शब्बाथ शाळेच्या बाई कडुनिंबाखाली बसून देखरेख करत, म्हणजे गोष्टी सांगत. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक मे 1919 मध्ये मुंबईत वारले, त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचं दहन झालं आणि अस्थी नगरला आणल्या, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. आम्ही पोरं लगेच वाद घालायचो: जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले उठतात, मग जळलेला माणूस उठणार कसा? बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ज्याला मातीतून माणूस करता आला, त्याला राखेतून जमायचं नाही होय रे?" बाईंचा खरा जीव मात्र टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर. टिळकांचं ख्रिस्तावरचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' अकराव्या अध्यायाशी थांबलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली, आणि शेवटचा अध्याय मुलानं, देवदत्तानं लिहिला. "घरधनी गेल्यावर बाईमाणसानं काय करावं? रडावं नि लिहावं, दोन्ही," असं बाई म्हणायच्या. त्या स्वतः तरुणपणीच विधवा झालेल्या होत्या.

पहाटे चारला चर्चची घंटा. मग फेरी निघे. पुढे गॅसबत्ती, मागे टाळ, ढोलकी, आणि गळ्यात पट्टा अडकवून पेटी वाजवणारे माझे वडील. "ख्रिस्त उठला आहे!" अशी आरोळी पुढून आली की मागून सगळे, "खरोखर उठला आहे!" ख्रिस्त उठला की नाही ते पुढचं, आधी गल्लीतली कुत्री उठत. ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे आकाशात चंद्र असायचाच. चैत्री पौर्णिमाही बऱ्याचदा तीच. 2018 मध्ये शनिवारी, 31 मार्चला हनुमान जयंती आणि दुसऱ्या दिवशी ईस्टर आला होता. कबरी रंगवताना शेजारच्या मारुतीच्या देवळातून सुंठवडा आला आणि चुन्याच्याच हातांनी आम्ही तो खाल्ला.

कबरस्तानाच्या फाटकाशी गाणं थांबे आणि सगळे मुकाट्यानं आत जात. कडुनिंबाच्या मोहोराचा वास भरलेला असायचा. पाळकसाहेब बत्तीच्या उजेडात बायबलातला योहानाचा विसावा अध्याय वाचत. मग्दालीया मरीया कबरेपाशी रडतेय, आणि समोर उभ्या असलेल्या प्रभूला ती माळी समजते. आदल्या दिवशी आम्हीच तिथं माळीकाम केलेलं, त्यामुळे लहानपणी मला त्या ओळीला हसू यायचं.

उजाडता उजाडता प्रत्येक जण आपापल्या माणसापाशी जाई. मोगऱ्याचे गजरे, मेणबत्त्या. आणि हो, रडणंही. एका वर्षी बाहेरगावच्या पाहुण्या वक्त्यांनी मोठ्या आवाजात सांगितलं, की विश्वासणाऱ्यांनी आजच्या दिवशी डोळ्यांतून टिपूस काढू नये, तो अविश्वास आहे. समोर एक मावशी आपल्या तरण्या लेकाच्या कबरीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी हात काढून घेतला. आमचे म्हातारे पाळकसाहेब उठले आणि आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूनं काय केलं तेवढंच म्हणाले: "येशू रडला." मग मावशींशेजारी मातीतच बसले. मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, पण त्याच्या तोडीचं नाही. प्रेषित पौलानंही थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात शोक करू नका असं कुठे म्हटलंय? आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढंच म्हणतो तो.

कॉलेजात गेल्यावर कळलं, की ईस्टरच्या पहाटेची ही रीत जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरेव्हियन पंथाच्या लोकांची. 1732 मध्ये तिथली तरुण मुलं ईस्टरच्या पहाटे गावच्या दफनभूमीत जमून गायली. म्हणजे तिथंही सुरुवात तरुण संघानंच केली म्हणायची!

2020 च्या ईस्टरला, 12 एप्रिलला, टाळेबंदी होती. जो तो आपापल्या गच्चीवरून ओरडला, "खरोखर उठला आहे!" त्याच्या पुढचा उन्हाळा आठवू नये असा. वडील गेले ते त्या दुसऱ्या लाटेत. खांदा द्यायला माणसं नव्हती. पीपीई किट घातलेली चार अनोळखी मुलं, लांबून पाळकसाहेबांची प्रार्थना, आणि मी. "अरे मरणा, तुझी नांगी कोठे?" हे वचन मी लहानपणी पाठ करून बक्षीस मिळवलं होतं. त्या दुपारी मला त्याचं उत्तर ठाऊक होतं आणि ते वचनाला धरून नव्हतं.

17 एप्रिल 2022 ला फेरी पुन्हा निघाली. पेटी भाच्याच्या गळ्यात होती. झोपी गेलेल्यांची, म्हणजे वारलेल्यांची, नावं पाळकसाहेब वाचू लागले. यादी संपेचना, मध्येच त्यांचाही आवाज बसला, तेव्हा पुढची नावं बाईंनी वाचली. मग नेहमीचं पुनरुत्थानाचं गीत. मी वडिलांच्या कबरीपाशी उभा होतो, तोंड उघडत नव्हतं. आजूबाजूचे गात होते, माझ्या वाटचंही तेच गात होते म्हणा ना.

नंतर चहा, उकडलेली अंडी, गळाभेटी, "सलाम, सलाम!" एक काकू कपबशी सांभाळत माझ्यापाशी आल्या. "तुझ्या भाच्यानं आज बरोबर पट्टीत सुरू केलं. तुझा बाप जन्मभर दोन पट्ट्या वर धरायचा, आम्हा बायकांचे गळे फाटायचे." मी इतका हसलो की चहा सांडला. काकू म्हणाल्या, "वर गेल्यावर पहिलं त्याला हेच सांगणार आहे," आणि दुसरं अंडं सोलायला घेतलं.