गुलाबी रंग नेमका कुणामुळे आला?

पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा माझ्या विषयाचे दोन तुकडे एकत्र कसे आले, हेच मला उमगत नव्हतं. एकीकडे पाण्यातले विषारी आयन ओळखणारे रेणू, दुसरीकडे अँटिबायोटिक वाहून नेणारे. मॅडमनी फळ्यावर एक कडं काढलं. "आत कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, एवढंच आपल्याला रेणूला शिकवायचंय." मग त्यांनी पेडरसनची गोष्ट सांगितली. या रसायनशास्त्रज्ञानं 1967 मध्ये क्राऊन ईथर, म्हणजे कड्याच्या आकाराचे रेणू, जगापुढे ठेवले. ही कडी धातूच्या आयनला मधोमध धरून ठेवते. पुढे 1987 मध्ये क्रॅम आणि लेन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. त्या दिवशी डोंबिवलीला परतताना वहीच्या मागच्या पानावर मी नुसती कडी काढत बसले होते.

माझ्या वाट्याला पारा आला. ऱ्होडामिन बी हा जर्द गुलाबी रंग इथिलीनडायअमीनबरोबर इथेनॉलमध्ये रात्रभर रिफ्लक्स केला, म्हणजे वाफ थंड करून परत आत सोडत उकळला, की फिका पडत जातो. रेणूत एक कडी मिटते आणि रंगही जातो, चमकही जाते. त्याला गंधक असलेला थायोयुरियाचा हात जोडायचा. पाऱ्याला गंधकाची विलक्षण ओढ. तो गंधक काढून नेतो, मिटलेली कडी उघडते आणि गुलाबी रंग परत येतो. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात माझे चार महिने कॉलम चालवण्यात, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून रेणू शुद्ध करण्यात, गेले. पावसाळ्यात सिलिका ओल धरायची, टीएलसीवर, म्हणजे शुद्धता तपासायच्या पट्टीवर, स्पॉट लांबत जायचा. अखेर कार्बन एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूतले कार्बन दाखवणाऱ्या चाचणीत, 65 पीपीएमजवळचा तो एकटा पीक (आलेखातलं टोक) दिसला, म्हणजे कडी मिटलेली आहे याची खूण, तेव्हा मी लगेच आईला फोन केला. तिला पीक कळला नाही, माझा आवाज कळला.

पुढच्याच आठवड्यात मी रेणूच्या द्रावणात मर्क्युरिक नायट्रेटचे दोन थेंब टाकले. परीक्षानळी बघता बघता गुलाबी झाली. यूव्ही दिव्याखाली तर केशरी पेटल्यासारखी दिसत होती. सगळी लॅब जमली. मॅडमनी नळी उजेडाकडे धरली आणि विचारलं, "ब्लँक कुठंय?"

ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीची पारा नसलेली नळी. तो होता, पण नुसत्या पाण्याचा. मर्क्युरिक नायट्रेट पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून मी ते पातळ नायट्रिक आम्लात केलं होतं. मॅडमच्या सांगण्यावरून तेवढंच आम्ल, पाऱ्याशिवाय, दुसऱ्या नळीत टाकलं. तीही गुलाबी झाली. आम्लानंसुद्धा ही कडी उघडते, हे मी वाचलेलं होतं, पाठही होतं. तरी दोन नळ्या शेजारी शेजारी सारख्याच गुलाबी बघितल्या तेव्हा माझे हात गार पडले. लॅबमधल्या काकांनी काही न बोलता चहा आणून ठेवला.

मग सगळं 7.4 पीएचच्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता फारशी बदलू न देणाऱ्या द्रावणात, नव्यानं सुरू केलं. आता आम्लाची नळी रंगहीनच राहिली आणि पाऱ्याची गुलाबी झाली, जरा सावकाश. झिंक, कॅडमियम, शिसं, तांबं यांनी काही केलं नाही. चांदीनं थोडा रंग दाखवला. तिलाही गंधक आवडतो, म्हणून ते मी तसंच नोंदवलं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात पाऱ्याची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे, म्हणजे रेणूंच्या संख्येवर बेतलेल्या मापात साधारण 5 नॅनोमोलर. माझा रेणू 20 नॅनोमोलरपर्यंतचाच पारा ओळखू शकला. चौपट कमी पडला, पण ते 20 खरे होते.

खाडीच्या पाण्यानं वेगळंच शिकवलं. ठाणे खाडीचं पाणी गाळून त्यात मोजून पारा घातला, तर रंग उशिरा आणि अगदी फिका आला. समुद्राच्या पाण्यात लिटरला 19 ग्रॅमच्या आसपास क्लोराईड असतं, खाडीत भरतीबरोबर तेच येतं. ते पाऱ्याला आधीच घेरून बसतं. नळाच्या पाण्यात मात्र तोच रेणू छान चालला. आणि हो, पाऱ्याचा कचरा आम्ही वेगळ्या बाटलीत लेबल लावून ठेवायचो, बेसिनमध्ये एक थेंबही नाही. बेसिनचं पाणी शेवटी कुठे जातं, हे मुंबईत राहून विसरता येत नाही.

अँटिबायोटिकच्या भागात मी ब्लँक आधी केला. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकसाठी आम्ही धनभारित वाहक बनवला होता, कारण जिवाणूची बाहेरची बाजू ऋणभारित असते. ई. कोलाय या जिवाणूच्या प्लेटवर औषध नसलेला रिकामा वाहक ठेवला आणि 37 अंशांवर रात्रभर ठेवून सकाळी पाहिलं. रिकाम्या वाहकाभोवतीसुद्धा जिवाणू नसलेलं स्वच्छ वर्तुळ! त्यातला चरबीसारखी लांब शेपटी असलेला अमोनियम गट जिवाणूचं आवरणच फाडत होता. जंतुनाशकांत हेच रसायन असतं. औषधाचं श्रेय औषधाला देता येईना, आणि आपल्या पेशींचं काय, हा प्रश्न होताच. तो वाहक सोडला. मला त्याचं वाईट वाटलं, कारण तो मी स्वतः आखलेला पहिला रेणू होता.

नंतर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घेतलं, सात ग्लुकोजचं कडं. औषध किती वेगानं सुटतं ते बघायला औषध धरलेलं हे कडं डायलिसिसच्या, म्हणजे लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या, पिशवीत भरून बफरमध्ये सोडलं. दर तासाला एक मिली काढायचं, तेवढंच ताजं बफर घालायचं, सिप्रोची निळी चमक मोजायची. पण औषधाला पिशवीतून बाहेर पडायलाही वेळ लागतो, म्हणून शेजारी नुसत्या सिप्रोची दुसरी पिशवी टांगली. सकाळी नऊला सुरू केलं ते शेवटची कर्जत लोकल गाठेपर्यंत चाललं. कड्यातलं औषध नुसत्या औषधापेक्षा दीड तास उशिरा सुटलं. मला अर्धा दिवस हवा होता. थिसिसमध्ये दीड तास लिहिला, आणि दोन्ही पिशव्यांचे आलेख एकाच चौकटीत काढले.