तुम्ही विचारलंत म्हणून: कचरा उचलता ते ठीक, पण मोजता कशाला?

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, म्हणजे आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनी, आमच्या दापोली तालुक्यातल्या पुळणीवर तीस-चाळीस माणसं वाकून कचरा वेचत असतात आणि प्रत्येक टोळीत एकजण नुसता कागदावर रेघा ओढत फिरतो, एका वस्तूला एक रेघ. बहुतेक वेळा तो मीच. एका खलाशाने एकदा तोंडावर विचारलं, "मास्तर, कचरा उचलताय की जनगणना करताय?"

जनगणनाच.

ही पद्धत १९८६ साली अमेरिकेत, टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झाली. लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओ'हारा या दोघींच्या हाकेला २,८०० माणसं आली, दोन तासांत १२४ टन कचरा निघाला. पण त्यांची हुशारी टनांत नव्हती. काय काय सापडलं ते त्यांनी प्रत्येकाला लिहायला लावलं. आज शंभराहून जास्त देशांत हा दिवस पाळतात, आपल्याकडे तटरक्षक दल २००६ पासून त्याची जुळवाजुळव करतं. वर्षानुवर्षं सिगारेटची थोटकं पहिल्या नंबरावर होती. २०१९च्या मोजणीत खाऊच्या वेष्टनांनी त्यांना मागे टाकलं. हे कळतं, कारण सगळे एकाच तऱ्हेने मोजतात.

आम्ही मात्र आधी पोत्यांत मोजायचो. चाळीस पोती! ऐकायला भारी वाटतं. पण थर्माकोलचं पोतं एका बोटाने उचलतं आणि ओल्या जाळ्याचं चौघांना हलत नाही. पोतं हे काही माप नव्हे.

शहाणपण आलं ते फजितीतून. एका वर्षी ट्रॅक्टर पाठवतो म्हणून सांगणाऱ्याने पाठवला नाही. पोती सुरूच्या बनापाशी रचून आम्ही घरी गेलो, आज येईल, उद्या येईल करत आठवडा गेला. अमावास्येच्या उधाणाने निम्मी पोती फोडली. सकाळी पुळणीवर तोच कचरा, त्याच चपला. पोरं इतकी चिडली की दोघं परत आलीच नाहीत. तेव्हापासून आधी ट्रॅक्टर ठरतो, मगच माणसांना निरोप जातो. स्वयंसेवक गोळा करणं सोपं असतं हो. सोमवारी पोती कोण नेणार हे ठरवणं अवघड.

त्या वर्षी कचरा गेला, पण कागद उरला होता. मोजणीचं आमचं पहिलंच वर्ष. त्यात सगळ्यात लांब रांग नायलॉनच्या दोरांच्या तुकड्यांची. तो कागद घेऊन मच्छीमार सोसायटीत गेलो. "तुम्ही घाण करता" म्हटलं असतं तर चहासुद्धा मिळाला नसता. आकडे पुढे ठेवल्यावर तिथलेच एक जाणते काका म्हणाले, जाळी दुरुस्त करताना कापलेला दोर तसाच खाली पडतो, पावसात वाहून जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हाच तर जाळी शिवायला बसतात. आता त्या दोन महिन्यांत शेडमध्ये कापलेल्या दोरांसाठी एक पिंप असतं. दर वेळी दोर त्यातच पडतो असं नाही.

ग्रामपंचायतीनेही तोच कागद मागून घेतला. ट्रॅक्टर आता त्यांचा येतो, डिझेल सोसायटीचं.

तो खलाशी? गेल्या वर्षी माझ्याकडून तक्ता घेऊन तोच रेघा ओढत होता. मध्येच थांबून ओरडला, "मास्तर, अर्धी चप्पल एक धरू की अर्धी?"

एक धर म्हटलं.